ॲल्युमिनियमची होडी : एक साधन, दोन कामे

जुन्या पिढीतील गृहिणी ज्या पातेल्याला ‘जर्मनचे पातेले’ म्हणत, आणि काही घरांत अजूनही म्हणतात, ते वस्तुतः ॲल्युमिनियमचे पातेले होय. वजनाला हलके, हातून पडले तर पोचा येईल पण तडकणार नाही, चुलीवर चटकन तापेल आणि उतरवल्यावर तितक्याच लवकर निवेल, चिंच-कोकमाचे आंबट मात्र त्यात फार वेळ ठेवू नये, हे त्याचे गुणावगुण घरोघर ठाऊक आहेत. अमेरिकेत आणि कॅनडात याच धातूच्या पत्र्यापासून लहान होड्या मोठ्या प्रमाणावर बनतात. गंमत अशी की, स्वयंपाकघरातील पातेल्याविषयी जे ज्ञान आहे त्यातील बरेचसे त्या होडीलाही जसेच्या तसे लागू पडते.

उत्तर अमेरिकेतील नद्या, सरोवरे आणि पाणथळी यांच्या काठी राहणारा सामान्य मनुष्य उन्हाळ्यात गळ टाकून मासे धरतो आणि शरद ऋतूत, उत्तरेकडून रानबदकांचे थवे दक्षिणेस निघाले की, बंदूक घेऊन त्याच पाण्यावर जातो. दोन होड्या बाळगणे थोड्यांनाच परवडते. म्हणून एकाच होडीने दोन्ही कामे व्हावीत अशी त्याची अपेक्षा असते, आणि निवडीचा सारा घोटाळा येथेच सुरू होतो. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनी रानपाखरांची शिकार जवळजवळ पूर्णपणे बंद केली, त्यामुळे शिकारीचा भाग येथील वाचकांना दूरचा वाटेल. परंतु लहान होडी, तिच्यावरचा भार आणि बदलते वारे यांचे नाते मिसिसिपीवर जे आहे, तेच मांडवीच्या मुखाशीही आहे.

ॲल्युमिनियम ही एके काळी चैनीची वस्तू होती. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी विजेच्या साहाय्याने हा धातू वेगळा करण्याची रीत स्वतंत्रपणे शोधली आणि तो स्वस्त होऊ लागला. तरी लहान होडीत तो सर्रास आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. ग्रमन या विमानांच्या कारखान्यातील विल्यम हॉफमन नावाचे अधिकारी १९४४ साली न्यूयॉर्क राज्यातील ॲडिरोंडॅक डोंगरांत सहलीला गेले होते. एका सरोवरातून दुसऱ्या सरोवराकडे जाताना लाकूड आणि किंतान यांची जड होडी खांद्यावरून वाहावी लागली. लढाऊ विमानांच्या पत्र्याचीच होडी का बनवू नये, असा विचार त्यांच्या मनात आला. युद्ध संपताच त्या कारखान्यातून ॲल्युमिनियमच्या होड्या बाहेर पडू लागल्या. पुढे १९४८ च्या सुमारास मिनेसोटा राज्यातील न्यूयॉर्क मिल्स या लहान गावी हॉवर्ड लुंड यांनी मासेमारी व बदकांची शिकार या दोन्ही कामांसाठी स्वतःपुरती एक होडी तयार केली आणि तिच्यातूनच एक मोठा कारखाना उभा राहिला. एक होडी, दोन कामे ही कल्पना म्हणजे या धंद्याच्या जन्मापासूनचीच आहे.

ही दोन कामे होडीकडून काय मागतात ते पाहिले म्हणजे अडचण ध्यानी येते. मासे धरणाऱ्याला मोठ्या सरोवरावर दूरवर जावयाचे असते. तेथील लाटा कापण्यासाठी तळ पुढच्या बाजूस निमुळता, पाचरीसारखा हवा. उभे राहून गळ फेकण्यासाठी सपाट फलाट, धरलेले मासे जिवंत ठेवण्यासाठी पाण्याची टाकी, दोऱ्या व गळ यांसाठी झाकणाचे कप्पे, बसावयास फिरत्या खुर्च्या, हा सगळा संसार त्याला लागतो. शिकाऱ्याला यातील बहुतेक गोष्टी अडचणीच्या. त्याला गुडघाभर पाण्यात, लव्हाळ्यांत, बुडलेल्या झाडांच्या खोडांमधून वाट काढावयाची असते. होडी ठेंगणी हवी, म्हणजे पाखरांच्या नजरेत भरत नाही. तिचा रंग चिखलासारखा मळकट हवा, कारण उघड्या ॲल्युमिनियमची लकाकी आकाशातून उतरणाऱ्या बदकाला मैलभरावरून सावध करते. आतली जमीन मोकळी हवी, कारण तेथे पाण्यावर तरंगत ठेवावयाच्या खोट्या बदकांची पोती आणि एक भिजलेला, अंग झटकणारा कुत्रा यांची सोय लावावयाची असते. पत्र्यावर काडतुसांचा डबा आदळला की घंटेसारखा आवाज होतो, म्हणून आतून रबराचा थर हवा.

तळाचा आकार हा निवडीतला पहिला प्रश्न. अमेरिकेत सपाट तळाच्या, चौकोनी तोंडाच्या होडीला ‘जॉन बोट’ म्हणतात. मिसुरी आणि आर्कन्सा राज्यांतील ओझार्क डोंगराळ भागात उथळ नद्यांवर पूर्वी पाइनच्या फळ्यांच्या अशा लांबट होड्या चालत. आजची पत्र्याची होडी ही त्यांचीच वंशज आहे. मिसुरीतील लेबनन या गावी अशा होड्यांचे अनेक कारखाने आहेत. सपाट तळाची होडी थोड्या पाण्यात तरंगते आणि शांत पाण्यावर तीत उभे राहिले तरी फारशी कलत नाही. पण लाट आली की तोच सपाट तळ पाण्यावर थाडथाड आपटतो आणि चौकोनी तोंडावरून पाणी आत येते. पाचरी तळाची होडी नेमकी याच्या उलट : लाटेत ती मऊ चालते, पण तिला पाणी अधिक खोल लागते आणि उभी असताना ती डुलते. या दोहोंच्या मध्ये, पुढे किंचित पाचरी आणि मागे सपाट, असा एक तडजोडीचा तळही मिळतो. दोन्ही कामे करावयाची असतील तर बहुतेकांची निवड याच तळावर येऊन थांबते, आणि ती वाईट नाही. मात्र आर्कन्साच्या बुडीत रानात हिंडणाऱ्याने पाचरीसाठी पैसा घालवू नये. उलट मिनेसोटातील मिल लॅक्ससारख्या सरोवरावर जाणाऱ्याने सपाट तळाचा मोह धरू नये. हे सरोवर सुमारे २०७ चौरस मैलांचे, पण कोठेही ४२ फुटांहून खोल नाही. एवढ्या विस्तीर्ण आणि उथळ पाण्यावर वारा सुटला की लाटा आखूड, उभ्या आणि एकामागून एक अशा येतात. सपाट तळाच्या लहान होडीला असले पाणी सर्वांत वाईट.

आकारमानाची गोष्ट अंकगणिताने समजते. या होड्यांवर १४३६ किंवा १६४८ असे आकडे असतात. पहिले दोन अंक फुटांत लांबी सांगतात, पुढचे दोन इंचांत तळाची रुंदी. १४३६ ची होडी घ्या. तिच्या तळाचा पाण्यावर प्रत्यक्ष टेकणारा भाग सुमारे १२ फूट लांब आणि ३ फूट रुंद, म्हणजे ३६ चौरस फूट धरला, तर होडी एक इंच खाली जाण्यासाठी ३ घनफूट पाणी बाजूला सारावे लागते. त्याचे वजन सुमारे ८५ किलो. म्हणजे दर ८५ किलो भाराला होडी एक इंच बसते. जाड कपड्यांतले दोन शिकारी प्रत्येकी १०० किलोंचे, कुत्रा ३० किलोंचा, मोटर, पेट्रोल, बॅटरी, खोटी बदके, बंदुका आणि खाणे मिळून आणखी १२० किलो, असा ३५० किलोंचा भार झाला की होडी रिकामी असताना जेवढी पाण्याबाहेर होती त्याहून ती चार इंच खाली गेली. १६४८ च्या होडीत टेकणारा भाग १४ फूट गुणिले ४ फूट धरला तर इंचाला सुमारे १३२ किलो लागतात, आणि तोच भार तिला पावणेतीन इंचांहूनही कमी दाबतो. सव्वा-दीड इंचाचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. ज्या होडीचा काठ मुळातच पाण्यापासून वीतभर उंच, तिच्या बाबतीत तो क्षुल्लक नसतो. शिवाय कुत्रा पाण्यातून वर चढताना किंवा दोघेही शिकारी एकाच बाजूला वळताना भार मध्यभागी राहत नाही, आणि हिशेब सारा एका काठाला लागतो.

या गणिताचे महत्त्व ११ नोव्हेंबर १९४० रोजी फार कठोरपणे कळून आले. पहिल्या महायुद्धाच्या तहाचा तो दिवस, सुटीचा सोमवार. मिसिसिपी नदीच्या वरच्या खोऱ्यात सकाळ नोव्हेंबरला न शोभेल इतकी उबदार उजाडली. शेकडो शिकारी पातळ कपड्यांत, लहान होड्या घेऊन नदीतील बेटांवर आणि पाणथळीत शिरले. बदके थव्याथव्यांनी खाली येत होती, असा दिवस पूर्वी पाहिला नव्हता असे त्यांना वाटले. ती बदके वादळापुढे पळत होती. दुपारी वारा फिरला, पाऊस पडला, पावसाचा बर्फ झाला आणि तापमान कोसळले. नदीवर अशा लाटा उठल्या की परतणे अशक्य झाले. होड्या भरल्या, उलटल्या, आणि जे बेटांवर पोहोचले त्यांना रात्र तेथेच काढावी लागली. काहींनी होडी उलटी करून तिच्याखाली आसरा घेतला. त्या वादळात मध्यपश्चिमेत एकंदर सुमारे दीडशे माणसे दगावली. एकट्या मिनेसोटात ४९ गेली, आणि त्यांतील जवळपास निम्मे बदकांचे शिकारी होते. वारा ओसरण्यापूर्वीच विनोना गावचे वैमानिक मॅक्स कॉनरॅड लहानसे विमान घेऊन बेटांवर घिरट्या घालू लागले. अन्न, आगपेट्या आणि सिगारेटी डब्यांत घालून त्यांनी अडकलेल्यांसाठी खाली टाकल्या आणि बचावाला निघालेल्या होड्यांना वाट दाखविली.

तेव्हा होडी पसंत करावयाची ती सकाळी निघतानाच्या पाण्यावरून नव्हे, तर परतताना पाणी कसे असू शकेल त्यावरून. मासेमारीच्या दिवसांत होडी उलटली तर माणूस भिजतो, ओशाळतो आणि बहुधा पोहत काठाला लागतो. नोव्हेंबरात तसे होत नाही. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी थंडगार पाण्यातील माणसाविषयी एक साधे कोष्टक दिले आहे : पहिला एक मिनिट श्वास आवरण्याचा, पुढची दहा मिनिटे हातपाय कामाचे राहण्याची, आणि सुमारे एक तास शुद्ध हरपण्यापर्यंतचा. त्या दहा मिनिटांनंतर पट्टीचा पोहणाराही पोहू शकत नाही. लाइफ जॅकेट अंगावर असेल तरच पुढच्या तासाचा काही उपयोग. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या २०२२ सालच्या अहवालात हौशी नौकाविहारातील ६३६ मृत्यू नोंदले आहेत. ज्यांच्या मृत्यूचे कारण कळले त्यांपैकी तीन चतुर्थांश बुडून गेले, आणि बुडालेल्यांपैकी शेकडा ८५ जणांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते.

कायद्याने या बाबतीत ग्राहकाला काही हात दिला आहे. १९७२ च्या अखेरीपासून वीस फुटांहून लहान अशा मोटरच्या बहुतेक होड्यांवर एक पाटी लावणे अमेरिकेत सक्तीचे झाले. किती माणसे, माणसांचे वजन किती, मोटरसह एकंदर भार किती आणि मोटर जास्तीत जास्त किती अश्वशक्तीची, हे तीवर लिहिलेले असते. ही पाटी रंगापेक्षा आधी पाहावी. तीवरचा आकडा बऱ्या हवेसाठी आहे हेही विसरू नये. १९७८ पासून आणखी एक नियम आला : पिछाडीला मोटर टांगावयाच्या लहान होडीत तरंगणारा फोम असा भरला पाहिजे की, पाण्याने काठोकाठ भरली तरी ती आडवी, सपाट तरंगत राहावी आणि माणसांना तिचा आधार मिळावा. उलटलेली होडी सोडून काठाकडे पोहत सुटू नये, असे जाणते सांगतात ते यामुळेच.

आता पत्रा. विक्रेते जाडीविषयी फार बोलतात आणि त्यात तथ्यही आहे. साध्या होडीचा पत्रा सुमारे १.६ मिलिमीटर असतो, दणकट होडीचा २.५ किंवा ३.२. सपाट पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून १.६ ऐवजी २.५ मिलिमीटर घेतला की तो दीडपट नव्हे, जवळजवळ चौपट ताठ होतो. वजन मात्र चौरस मीटरला सव्वाचार किलोंवरून पावणेसात किलोंवर जाते. बुडीत रानातल्या खुंटांवर आदळावयाचे असेल, पहाटे पाण्यावरचा पातळ बर्फ फोडीत जावयाचे असेल, तर हे वजन सोसावे. एरवी पत्र्याला दिलेल्या पन्हळी आणि आतल्या फासळ्या तेच काम कमी धातूत करतात. जाड पत्रा आणि विरळ फासळ्या यांपेक्षा बेताचा पत्रा आणि दाट फासळ्या पुष्कळदा बऱ्या.

धातूची जातही विचारावी. शुद्ध ॲल्युमिनियम होडीला फार मऊ. त्यात मॅग्नेशियम मिसळतात. ५०५२ या क्रमांकाच्या मिश्रधातूत ते सुमारे अडीच टक्के असते, तर ५०८३ मध्ये चार टक्क्यांहून अधिक. क्रमांकाचा पहिला ५ हा मॅग्नेशियमचीच खूण आहे. असा पत्रा पाण्याला चांगला टिकतो आणि वेल्डिंगही सोसतो. ६०६१ हा उष्णसंस्काराने कणखर केलेला असतो, पण वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याजवळ त्याचा तो कणखरपणा बराचसा उतरतो.

रिव्हेट की वेल्डिंग, या प्रश्नावर अमेरिकेतले होडीवाले तावातावाने वाद घालतात. रिव्हेटची होडी हलकी आणि स्वस्त. पातळ पत्र्याला वेल्डिंग झेपत नाही, त्यामुळे तेथे रिव्हेटच योग्य. पण ॲल्युमिनियमला थकवा येतो. पोलाद एका मर्यादेखालचे हेलकावे कितीही काळ सोसू शकते, ॲल्युमिनियमला तशी मर्यादा नाही. प्रत्येक लाटेचा धक्का कोठेतरी जमा होत राहतो. त्यामुळे रिव्हेट वर्षानुवर्षांनी सैलावतात आणि पाझरतात. ते पुन्हा ठोकून घट्ट करता येतात, हा त्यांचा मोठा गुण. वेल्डिंगची होडी ताठ असते, पाझरत नाही. पण सांध्याला चीर गेली तर आरगॉन वायूच्या आवरणात काम करणारा कुशल कारागीरच शोधावा लागतो. खुंट, खडक आणि बर्फ यांच्याशी रोजची गाठ असलेल्या शिकाऱ्याने जाड पत्र्याची वेल्डिंगची होडी घ्यावी. एकट्याने उचलून मोटारीच्या टपावर टाकावयाची असेल तर रिव्हेटच्या होडीला पर्याय नाही.

मोटरच्या बाबतीत शिकाऱ्याची गरज वेगळी. साधी आउटबोर्ड मोटर थंड राहण्यासाठी पाणी ओढते. चिखलात तिचा श्वास कोंडतो. दलदलीसाठी हवेने थंड होणारे इंजिन आणि थायलंडमधील लांबशेपटी होड्यांना असतो तसा लांब दांडा वापरतात. असे यंत्र जड असते, म्हणून ते घेणाऱ्याने पिछाडीची ताकद आणि तरंग आधी पाहावी. मोटर चालू असताना बदकांवर गोळी झाडणे तेथे कायद्याने मना आहे. मोटर बंद होऊन होडीची त्यामुळे आलेली गतीही थांबली पाहिजे.

पातेल्यात आंबट ठेवू नये, या घरगुती नियमाचे होडीतील रूप अधिक गंभीर आहे. ॲल्युमिनियमवर हवेत आपोआप ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. तो मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शाहूनही पातळ, पण त्यावरच धातूचे सारे संरक्षण अवलंबून. खाऱ्या पाण्यात त्याच्याशी तांबे किंवा पितळ यांची गाठ पडली की विजेचा घट तयार होतो आणि झिजते ते ॲल्युमिनियम. १८९५ साली ‘डिफेंडर’ या अमेरिकन शर्यतीच्या नौकेने हे जगाला दाखविले. नथॅनिएल हेरेशॉफ यांनी तिला पाण्याखाली काशाचा आणि पाण्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा लावला, फासळ्या पोलादाच्या. नौका हलकी झाली, अमेरिकाज कप जिंकली, आणि इतकी पोखरली गेली की १९०१ साली ती मोडीत काढावी लागली. आजच्या लहान होडीत तोच खेळ छोट्या प्रमाणात चालतो : तळाशी विसरलेले तांब्याचे नाणे, काडतुसाची पितळी टोपी, चुकून लावलेला तांबेयुक्त रंग. सर्वांत फसवे असते ते ट्रेलरवरचे लाकूड. २००३ च्या अखेरीस अमेरिकेत घरगुती लाकडासाठी आर्सेनिकयुक्त मसाला बंद झाला आणि त्याच्या जागी आलेल्या मसाल्यांत तांब्याचे प्रमाण वाढले. अशा ओल्या लाकडावर होडी हिवाळाभर ठेवली तर तळाला बारीक भोके पडू शकतात. संरक्षणासाठी होडीला दुसऱ्या धातूचा एक तुकडा जोडतात, तो स्वतः झिजून होडी वाचवितो. खाऱ्या पाण्यात जस्ताचा किंवा ॲल्युमिनियमच्याच खास मिश्रधातूचा, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा. जस्त गोड्या पाण्यात लवकरच निकामी होते.

जुनी होडी घेणाराने रंगाकडे पाहूच नये. पोचे, ओरखडे हे तर पत्र्याचे भूषणच. प्रथम पिछाडीवर टांगलेल्या मोटरला दोन्ही हातांनी रेटून पाहावे. पत्र्याच्या आत दडलेली प्लायवुडची फळी कुजलेली असेल तर पिछाडी हलते. मग होडी वजन करून मिळत असेल तर तो आकडा कारखान्याच्या आकड्याशी ताडावा. पुष्कळ जास्त भरला तर फोमने पाणी प्यालेले असण्याचा संभव आहे, आणि असा फोम संकटात तारत नाही. शेवटी मालकाची परवानगी घेऊन होडी ट्रेलरवरच ठेवावी, भोकाचे बूच लावावे आणि आत नळाने चार बोटे पाणी सोडावे. अधिक नको, पाण्याचे वजन ट्रेलरला सोसत नाही. मग खाली वाकून तळ पाहावा. जेथे थेंब धरेल तेथे खडूने खूण करावी. अर्ध्या तासात खुणा पाच-सहा झाल्या तर रिव्हेट ठोकून काम भागेल. फासळीच्या रेषेने ओळच्या ओळ पाझरू लागली तर तळाचा पत्रा थकला आहे, आणि किंमत कितीही उतरली तरी ती होडी मालकाच्या अंगणातच राहू द्यावी.